कातळ लागला

मोहोपाडा, ५ जानेवारी

रूप्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? तरी फाडलंस, बरं केलंस. आणि हे तुझ्याऐवजी अपेक्षाच्या हाती पडलं असेल, तर अपेक्षा, तू त्याला मोठ्यानं वाचून दाखव. नवरा कानावर हात ठेवेल. ठेवू दे, तू वाचत राहा.

फोन करता येत नाही म्हणून पत्र. माझा नंबर तू बंद करून टाकलायस, यांचाही. ह्या सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. मी योगेंद्रशी लग्न केलं, बौद्धांच्या घरात सून म्हणून गेले, आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी नदीत उतरून माझ्या नावानं आंघोळ केलीस. अख्खी आळी बघत होती म्हणे. त्यावर मी काही बोलले का? मेले तर मेले म्हटलं आणि संसाराला लागले. आता मेलेली बहीण मध्येच कशाला कडमडली असं तुला वाटत असेल. तर कारण असं आहे की तुझं घर पडणार आहे.

थांब, फाडू नकोस. पुढचं वाच.

हर्षद दिवाळीला तुझ्याकडे रतनखड्याला येऊन गेला. काकांचा पोरगा असला तरी तो माझ्या घरी येत नाही, रसायनीच्या नाक्यावर भेटतो, चहा पितो आणि इकडेतिकडे बघत निघून जातो. परवा त्यानं मोबाईलमध्ये तुझं घर दाखवलं. काय दिमाख रे! कंपनीनं इथलं खातं सौराष्ट्रात नेलं तेव्हा तू रडतरडत गेला होतास, आणि आता थेट समुद्राच्या डोक्यावर घर. दीवला जाणाऱ्या लोकांसाठी वरती खोल्या, खाली तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

मग व्हिडिओत जैतू गवंडी आला. आपल्या गावचा, पोशीरचा गवंडी तू थेट तिकडे नेलास! जैतू ओट्यावर टाच आपटून सांगतो, "दोन हातावर कातळ लागला. आता इथं हत्ती नाचवा." तिथेच मी व्हिडिओ थांबवून पुन्हा लावला. आणि त्यानंतर अपेक्षानं ओटा धुवायला बादली ओतली. पाणी पायरीकडे वाहायला हवं होतं. ते अर्ध्यात थांबलं आणि फरशीच्या सांध्यातून खाली गेलं, अख्खी बादली. तू मागून हसतोस, "निचरा झकास हाय!" अरे गाढवा, ते पाणी गेलं कुठं?

पोशीरला विहीर असो की घर, कातळ लागला म्हटलं की गवंडी पहार टाकतो आणि मालक नारळ फोडतो. पाया झाला. आपल्याकडे ते बरोबरच आहे, आपला काळा कातळ खाली कुठवर गेलाय ते कुणालाच माहीत नाही. पण तिथे ज्याला जैतू कातळ म्हणतो, तो हातभर जाडीचा पापुद्रा आहे. त्याच्या खाली वाळू आहे. आणि वाळूच्या खाली समुद्र शिरलाय.

मी हे विषय म्हणून शिकले आहे, खोपोलीच्या कॉलेजात पोरांना शिकवते आहे. निदान त्यासाठी तरी माझं ऐक. अपेक्षाला आणि तुझ्या पोरीला, इशूला, घेऊन बाहेर पड. घराचं पुढचं नंतर बघू.

विनिता

(ताई लिहिणार होते. तुला चालणार नाही म्हणून खोडलं.)


मोहोपाडा, १६ जानेवारी

रूपेश,

पत्र जसंच्या तसं परत आलं, वर नकाराचा शिक्का. शाब्बास. म्हणून हे पाकीट कॉलेजच्या क्लार्ककडून लिहून घेतलंय आणि पाठवणाऱ्याचं नाव घातलंय जैतू गवंडी, मुक्काम पोशीर. जैतूचं पत्र तू नाकारणार नाहीस. आत मागचं पत्रही आहे, ते आधी वाच.

हर्षदनं माझा निरोप तुला फोनवर सांगितला म्हणे, आणि तुझं उत्तर आलं, "तिला म्हणावं, जळू नको." मी जळते? तुझ्या घरावर? रूप्या, माझं दोन खोल्यांचं कॉलनीतलं घर आहे, खिडकी उघडली की कंपनीचा वास येतो, आणि मी त्यात सुखी आहे. मला तुझा समुद्र नको आहे. मला तू हवा आहेस, जिवंत.

नीट ऐक. राग बाजूला ठेव आणि लहानपणी मी गणित समजावायचे तसं ऐक.

फार फार पूर्वी तिथला समुद्र मागे हटला होता. तळ उघडा पडला. त्या तळावर वाळू होती, पण नदीच्या वाळूसारखी नव्हे, शिंपल्यांचा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कवचांचा चुरा. वारा सुटला, वर्षानुवर्षं सुटत राहिला, आणि त्यानं तो चुरा उडवून किनाऱ्यावर टेकड्या घातल्या. मग पावसानं त्या भिजल्या. शिंपल्यात चुना असतो, पावसात तो थोडा विरघळतो, आणि पाणी सुकलं की कणाला कण चिकटवतो. तुझा डोंगर वाऱ्यानं रचला आणि पावसानं चिकटवला. मुंबईच्या जुन्या इमारतींत पोरबंदरी दगड दिसतो ना, तो ह्याच घराण्यातला. कड्याच्या बाजूनं बघ, तिरक्या तिरक्या रेघा दिसतील. वारा कुठून कुठे वाहत होता ते त्या रेघांवरून मी सांगू शकते.

हे सगळीकडे सारखं चिकटत नाही, तिथेच तर गोम आहे. मिठाची बरणी बघ. वर खडा धरतो, चमचा मोडेल इतका, आणि तो फोडला की आत सगळं भुरभुरीत. तिथेही तसंच आहे. वरच्या थरावर ऊनपाऊस झेलून चुना घट्ट बसतो. त्यावर पहार मारली तर ठण्ण वाजते. जैतूची पहार ठण्णच वाजली असणार, तो खोटं बोलत नाही. पण खाली कच्चं राहतं. ते कच्चं समुद्र खालून खातो, रोज दोन वेळा, भरतीला. पावसाचं पाणी वरून भेगेत शिरून चुना आणखी विरघळवतं. तू आंघोळीचं, भांड्यांचं, ओट्याचं पाणी त्याच भेगेत सोडतोस. म्हणजे समुद्र खालून खातो आणि तू वरून वाढतोस.

असे कडे हळूहळू झिजत नाहीत. वरचा पापुद्रा पुढे आलेला राहतो, बरीच वर्षं राहतो, लोक त्यावर उभे राहून फोटो काढतात. आणि एक दिवस सगळा एकदम जातो. मी एम.एस्सी.ला त्या किनाऱ्यावर हातोडी घेऊन हिंडले तेव्हा घराएवढाले तुकडे खाली पाण्यात पालथे पडलेले पाहिलेत. आमचे सर कुणालाही कड्याच्या टोकाला जाऊ देत नसत.

आठवतं, मी तिथून एक दगड आणला होता? रेघारेघांचा. तू तो दप्तरात घालून शाळेत नेलास आणि सगळ्यांना सांगितलंस, माझ्या ताईनं वारा आणलाय.

विनिता


मोहोपाडा, २८ जानेवारी

रूपेश,

आज कळलं. दहा फेब्रुवारीला वास्तुशांत. पोशीरहून लक्झरी बस जाणार, लडकूमामानं ठरवली. आई आधीच आलीय तिकडे की बसनं येणार ते हर्षद नीट सांगेना, म्हणून मी तडक पोशीरला गेले. सहा वर्षांनी आळीत शिरले. बायका ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, सुपं थांबली.

आई घरातच होती. दार लोटून घेतलं. आतून बोलली.

"कशाला आलीस गं?"

"आई, तिथं जाऊ नकोस. घर पोकळ जागेवर हाय."

"शुभकार्य हाय पोराचं. असं बोलू नये."

"अगं मी शाप देत नाय गं, मी शिकलेली गोष्ट सांगते."

"शिकलीस तीच तर चूक झाली आमची," आई म्हणाली. पण दाराला टेकून उभी होती, फटीतून पदर दिसत होता. मी खूप वेळ उभी राहिले. दार काही उघडलं नाही.

परत येताना नेरळच्या बाजारात जैतू भेटला. त्याच्यावर मी ओरडले, सगळ्यांसमोर ओरडले. बिचारा गोंधळला. "ताय, सबंध हयात मी पाया घालतोय. कातळाच्या खाली कुणी खणतं का? कातळ म्हंजे कातळ." त्याला काय बोलणार? पोशीरचा कुठलाही माणूस हेच म्हणेल. मी भूशास्त्र शिकले नसते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि नारळ फोडायला पहिली उभी राहिले असते.

तुमच्या तालुक्याच्या एका कचेरीत फोन केला. तिथल्या भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बेन, घर पडलं की पंचनाम्याला येतो, त्याच्या आधी आम्हाला काय काम? मी फोन आपटला. मग पुन्हा उचलून दुसऱ्या कचेरीत लावला. तिथे कुणी उचललाच नाही.

रूप्या, दहा तारखेचा विचार कर. दोन दिवसांवर पौर्णिमा आहे, भरती मोठी. ओट्यावर होम पेटलाय, भोवती माणसं दाटीनं बसलीत, वर गच्चीवर मंडप, ढोलकी, आपले लोक नाचल्याशिवाय थोडेच राहणार? बसभर माणसं एकाच वेळी त्या पापुद्र्यावर. आई त्यात. इशू त्यात. मला झोप लागत नाही. डोळा लागला की ते बादलीतलं पाणी दिसतं.

हात जोडते. तुझ्या पाया पडते, मोठी असून पडते. कार्य कर, थाटात कर, पण मंडप रस्त्याच्या पलीकडे घाल. तेवढंच. मला बोलवू नकोस, माझं नाव घेऊ नकोस, मी खोटारडी आहे असं सगळ्यांना सांग, पण मंडप रस्त्यापलीकडे घाल.

विनिता


मोहोपाडा, ८ फेब्रुवारी

रूपेश,

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, माहीत आहे. हात रिकामे राहत नाहीत म्हणून लिहिते.

बस उद्या सकाळी निघणार. आई त्यात असणार. हर्षदला मी म्हटलं, तू तरी मंडपाचं सांग. म्हणाला, "सांगितलं गं. रूपेशदादा म्हनला, तिचं नाव काढशील तर तूबी बसमधून उतर."

यांना म्हटलं, आपण जाऊ या तिथे. हे म्हणाले, "विनू, तुला दारातून आत घेतील का? तू ओरडशील, ते हाकलतील, आणि होम चालू होईल. वर अपशकून केला म्हणून तुलाच बोलतील." खरं आहे. जिवंत विनिताचं कुणी ऐकणार नाही.

मी काय करणार आहे ते इथे लिहीत नाही. यांनाही आवडलेलं नाही, दुपारपासून माझ्याशी बोललेले नाहीत.

वि.


मोहोपाडा, १४ फेब्रुवारी

रूपेश,

तू रतनखड्याला परत गेलास. मी अजून दाराजवळच्या खुर्चीवरच आहे.

माझ्या दारात उभा राहून तू म्हणालास, "मेली असतीस तर बरं झालं असतं." सगळ्यांनी ऐकलं. आता माझं ऐक.

दहा तारखेला सकाळी तो मेसेज मी स्वतः टाईप केला, यांच्या फोनवरून. यांनी हातही लावला नाही. "मी तुझं मरण माझ्या तोंडानं सांगणार नाही," म्हणाले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी लिहिलं, विनिता आज पहाटे गेली, हार्ट अटॅक, कळावे. हर्षदला पाठवला आणि फोन बंद केला. स्वतःचं नाव लिहून पुढे 'गेली' लिहिताना कसं वाटतं ते तुला कळायचं नाही. त्यानंतर मी भांडी घासली.

मला एकच ठाऊक होतं. लेकीबहिणीचं सुतक असलं की शुभकार्य होत नाही. लग्न होऊन गेलेली असली तरी तीन दिवस. होम पेटायच्या आधी निरोप पोचला तर होम पेटणार नाही, आणि माणसं घराबाहेर पडतील. दुसरं काही मला सुचलं नाही. सुचलं असतं तर केलं असतं.

तिथे काय झालं ते हर्षदनं मला सगळं सांगितलं. तू पाटावर बसला होतास, सोवळं नेसून, शेजारी अपेक्षा. निरोप ऐकून तू म्हणालास, "तिच्या नावानं आंगोळ झालीय. आमाला सुतक नाय. चालू करा." गुरुजींनी काडी ओढली नाही. म्हणाले, ती आंघोळ रागाची होती, हे मरण खरं आहे, मी होम पेटवणार नाही. तू त्यांच्यावर खेकसलास. आणि मग आई उठली. तिनं कुणाकडे बघितलं नाही. नवी साडी नेसली होती, त्याच साडीत चालत बाहेर गेली आणि बसमध्ये जाऊन बसली. "माझी पोरगी हाय ती," एवढंच म्हणाली. मग एकेक करून सगळे उठले. ढोलकीवाले उठले. अपेक्षानं इशूला काखेत मारलं आणि तीही निघाली.

एक गोष्ट हर्षदनं सांगितली नसती तर बरं झालं असतं. तू पाटावर एकटाच बसून राहिला होतास. बस चालू झाली तेव्हा सोवळं तसंच, वर शर्ट चढवून धावत आलास आणि मागच्या सीटवर बसलास. अख्ख्या वाटेत पाण्याचा घोट घेतला नाहीस.

तुम्ही वाटेत असताना मी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर बस वळली असती.

अकरा तारखेला उजाडता उजाडता बस कॉलनीच्या कमानीशी थांबली. मी दारात उभी होते. आईनं मला बघितलं, तशीच पुढे आली आणि कानफटात मारली. मग त्याच हातानं मला जवळ ओढलं आणि असा टाहो फोडला की शेजारचे सगळे बाहेर आले. तू मागे उभा होतास. तुझे डोळे सुजलेले होते. रूप्या, तू माझ्यासाठी रडला होतास? मला बघून आधी तुझं तोंड उघडलं, तू 'ताई' म्हणणार होतास, मी ओठ बघितले तुझे. मग तुला कळलं की मी फसवलं. आणि मग तू ते बोललास.

बोललास ते बोललास. आई, अपेक्षा आणि इशू आज पोशीरला आहेत, सपाट शेताच्या काठाला, आपल्या काळ्या कातळावर. तेवढ्यासाठी मी दहा वेळा मरेन.

विनिता


मोहोपाडा, ३ मार्च

रूपेश,

दहा वेळा मरेन असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. मूर्खपणा. एकदाच मरता येतं, आणि ते मी वापरून बसले. आता खरंच मेले तरी कुणी उठून बसमध्ये बसणार नाही.

घर अजून उभं आहे. तू ते सगळ्यांना सांगतोयस. पोशीरच्या आळीत माझं हसं झालंय, "आली बगा कातळवाली," म्हणतात. लडकूमामा म्हणाला, "पडलं का गं घर? नाय ना?" कसं सांगू त्याला, की हे घर आज पडेल की दहा वर्षांनी ते मला नेमकं माहीत नाही? मला माहीत आहे ते एवढंच की ते पडेल, आणि सांगून पडणार नाही. तुला मी तारीख देऊ शकत नाही, हीच माझी सगळ्यात मोठी पंचाईत आहे. तारीख असती तर तूही ऐकलं असतंस.

अपेक्षा परत यायला तयार नाही. तिला माझं पटलंय असं समजू नकोस, ती घाबरलीय. काल ती इशूला घेऊन आमच्याकडे आली होती, पहिल्यांदाच. चहा प्यायली. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमी दिलेला तो रेघांचा दगड हाय ना, तो यांनी घरात देवाजवळ ठेवलाय. जागा बगायला गेलो तवा कड्याकडे बोट दाखवून म्हणाले, ह्येच ते, ताई सांगायची ते. इथंच घ्यायची जागा." मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

म्हणजे नंबर बंद केलास, नदीत बुडी मारलीस, आणि घर मात्र माझ्या गोष्टीवर बांधलंस. मग त्या गोष्टीतला पुढचा भाग का ऐकत नाहीस? दगड सुंदर आहे हे मी सांगितलेलं खरं, आणि तो आतून कच्चा आहे हे खोटं?

एवढंच कर. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, जैतूवर ठेवू नकोस. स्वतः पहार घे. ओट्याची एक फरशी उखड आणि कातळ लागला म्हणून थांबू नकोस. कातळाशी थांबायचं आपल्यात कुणी सोडत नाही, तू सोड. कातळ फोड. खाली खरंच कातळ असला तर मी पोशीरच्या आळीत सगळ्यांसमोर नाक घासेन, पुन्हा तुला पत्र लिहिणार नाही, बहीण होती हे विसरून जा.

होळीची पौर्णिमा येतेय. वर्षातली मोठी भरती. सगळे चाकरमानी शिमग्याला गावी येतात, तू त्या घरात एकटा काय राखण करतोयस? इशू विचारते, "बाबा शिमग्याला का येत नाय?" तिला काय सांगू ते तूच कळव. एका ओळीत कळव. शिवी दे, पण कळव. माझी लिहून लिहून बोटं दुखायला लागलीत, आणि ह्या पत्रांतलं एक तरी तू उघडलंस की सगळी चुलीत गेली, तेही मला ठाऊक नाही. रूप्या, बाहेर ये रे. बाहेर ये.

विनिता


मोहोपाडा, १४ मार्च

रूप्या,

हे पोस्टात टाकणार नाही. तू आलास की हातात देईन. तोंडानं मला बोलता येणार नाही, रडू येईल, म्हणून लिहून ठेवते.

आज दुपारी अनोळखी नंबर वाजला. मी उचलला. पलीकडून फक्त धापा. मी हॅलो हॅलो करत होते, फोन ठेवणारच होते, तेवढ्यात तू म्हणालास, "ताई, ऐक." आणि फोन कुठेतरी खाली धरलास.

आधी वाटलं वारा आहे. मग ते मागे गेलं, आणि पुन्हा आलं, आणि काहीतरी बंद खोलीत आपटल्यासारखं आपटलं. ती लाट होती. तुझ्या ओट्याच्या खाली.

"पहार आत गेली गं," तू म्हणालास. "हातभर कातळ फुटला, आन मग पहारच गेली. हातातून सुटली. वाळू सरसर खाली गेली. पडल्याचा आवाजसुदीक आला नाय. भोकातून गार वारा येतोय, ताई. खाली उजेड हाय. मला खाली उजेड दिसतोय."

मी किंचाळले असेन, कारण हे धावत आले. मला आठवतं तेवढं असं. मी म्हटलं, "रूप्या, उठ. काही घेऊ नकोस. भिंतीच्या कडेकडेनं मागच्या दारानं रस्त्याकडे जा. फोन चालू ठेव." तू म्हणालास, "देव घेऊ का?" मी म्हटलं, "नको." तू म्हणालास, "तो दगड?" मी तुला काय शिव्या दिल्या त्या ह्यांनी ऐकल्या, मला आठवत नाहीत. मग तुझी पावलं. दाराची कडी काढायला तुला किती वेळ लागला रे! मग खडी वाजली, मग कुत्रं भुंकलं, मग एक टेंपो गेला, आणि मला कळलं तू रस्त्यावर आहेस. मी तिथेच फरशीवर बसले.

मग तू म्हणालास, "उभं हाय अजून. इथनं कसं चांगलं दिसतंय बग."

मी म्हटलं, "दिसू दे. तू गाडीत बस आणि शिमग्याला पोशीरला ये."

"नको," तू म्हणालास. "पोशीरला तोंड नाय दाखवायचं मला. बसभर माणसं नेली होती मी." आणि मग, इतक्या हळू की मला कानाला फोन दाबून धरावा लागला, तू विचारलंस, "ताई, तुज्या घरी जागा हाय का गं?"

मी फोन ह्यांच्यापुढे धरला. फोन ह्यांनी माझ्या हातातून घेतला. तू ज्यांचं नाव कधी घेतलं नाहीस त्या योगेंद्रनं तुला सांगितलं, "रूपेशराव, पनवेलला उतरा. मी घ्यायला येतो."